सौरपंप दिले, आता त्यांची दुरुस्तीही तालुक्यात राहू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

सौर कृषिपंपांवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. ‘एकदा बसवला की बघायला नको’ असं त्यात कुणा अधिकाऱ्याचं म्हणणं दिलं आहे. तेवढ्या एका वाक्यासाठी हे पत्र. बाकी लेख चांगला होता. पण बघायला नको असं यंत्र माझ्या पाहण्यात अजून आलेलं नाही, आणि यंत्रं बघण्यावरच आमचं घर चालतं.

जेऊरला (ता. करमाळा) आमचं मोटर रिवायंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नवी तार भरून देण्याचं, दुकान आहे. सासऱ्यांनी सुरू केलेलं. मी लग्न होऊन आले तेव्हा घरातल्या बायका दुपारच्या वेळी स्टेटरचे, म्हणजे मोटरीच्या न फिरणाऱ्या भागाचे, स्लॉट (तार बसायच्या खाचा) खरडून साफ करायच्या, जळकी तार ओढून काढायच्या. मीही तेच करायला बसले आणि हळूहळू वेढे भरायचं काम माझ्याकडे आलं. पाणबुडी मोटरीला प्लास्टिकचं आवरण असलेली तार लागते. ती एकेक वेढा ओवून भरावी लागते. घाई केली की आवरण खरचटतं आणि मोटर पाण्यात सोडल्या सोडल्या संपते. या कामाला माझा हात बसला आहे. मालक, म्हणजे माझे यजमान, बाहेरचं बघतात: बोअरमधून मोटर उपसणं, केबलचे जोड, पुन्हा सोडणं. नवीन गिऱ्हाईक अजूनही दारात उभं राहून विचारतं, ‘वहिनी, भाऊ कुठं गेलेत?’ मोटर मीच भरणार आहे हे कळलं की स्टुलावर बसून जरा वेळ बघत राहतं. असो.

सौरपंपामुळे धंदा बसणार म्हणून ही बाई ओरडते आहे, असं कुणाला वाटेल. म्हणून आधीच सांगते, दिवसा पाणी देता येणं ही गोष्ट आमच्याकडे किती मोठी आहे ते शहरातल्या वाचकाला सहज कळणार नाही. शेतीची लाईट पाळीने येते. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रपाळी असली की माणूस बॅटरी घेऊन उसात दारं धरायला जातो. डिसेंबर २०२० मध्ये आमच्या तालुक्यात नरभक्षक बिबट्याने माणसं मारली आणि शेवटी वांगीच्या बाजूला त्याला गोळी घालावी लागली. त्या दिवसांत रात्री मोटर चालू करायला जायला कुणी धजत नव्हतं. पीक वाळलं तर वाळू दे, म्हणायचे. साप-विंचू तर कायमचेच. तेव्हा सूर्य उगवल्यावर मोटर सुरू व्हावी आणि मावळताना बंद व्हावी, यापरतं शेतकऱ्याला दुसरं काय हवं? सौरपंपाच्या विरोधात मी नाही. माझं म्हणणं दुरुस्तीचं आहे.

ते सांगण्याआधी एका जुन्या डब्याबद्दल सांगावं लागेल. आजकाल पेपरात रोबोट, ड्रोन, उसाला एआय असं रोज काही ना काही येतं. आमच्या शेतात आपोआप चालणारं यंत्र फार पूर्वीच आलं आहे. त्याला ‘ऑटो’ म्हणतात. स्टार्टरच्या पेटीत किंवा शेजारी बसवलेला हा वीतभर डबा. लाईट आली, तिन्ही फेज नीट आहेत असं दिसलं की तो स्वतःच मोटर चालू करतो. रात्री दोन वाजता लाईट आली तरी माणूस घरात झोपलेला, मोटर आपली सुरू. बिबट्याच्या मुलखात हा डबा किती उपयोगी आहे ते सांगायला नको.

या डब्याचे गुण आहेत तसा एक मोठा दोषही आहे. पाच एचपीची मोटर चालताना साधारण सात-साडेसात अँपिअर ओढते, पण सुरू होताना क्षणभर त्याच्या सहापट घेते. ६३ केव्हीएच्या डीपीला, म्हणजे वस्तीवरच्या ट्रान्सफॉर्मरला, ८४ अँपिअरच्या आसपास झेपतं, म्हणजे हिशोबाने अशा अकरा मोटरी. आता लाईट आली आणि दहा ठिकाणचे ऑटो एकाच क्षणी लागले, तर साडेचारशे अँपिअरचा दणका बसतो. फ्यूज उडतो. कुणीतरी फ्यूजच्या जागी जाड तार घालतं. मग पुढचा दणका थेट डीपीला. डीपी जळाली की दुसरी येईपर्यंत अख्ख्या वस्तीचं पाणी बंद. म्हणून महावितरण दरवर्षी सांगतं, ऑटो काढा आणि कपॅसिटर बसवा. कपॅसिटरचं त्यांचं बरोबर आहे. पाच एचपीला दोन केव्हीएआरचा एक कपॅसिटर बसवला की डीपीवरचा ताण हलका होतो आणि व्होल्टेज सुधारतं. ऑटो काढायला मात्र कुणी तयार होत नाही. रात्री जाणार कोण?

यावर आमच्याच भागात एका डीपीवरच्या शेतकऱ्यांनी मार्ग काढला. बऱ्याच ऑटोमध्ये एक छोटा खुंटा असतो. लाईट आल्यावर किती वेळाने मोटर लावायची ते त्यावर ठरवता येतं. या लोकांनी पारावर बसून पाळ्या लावून घेतल्या. पहिल्याची मोटर लगेच, दुसऱ्याची थोड्या वेळाने, तिसऱ्याची त्याच्यानंतर. कुणाच्या ऑटोला खुंटा नव्हता त्यांनी आमच्याकडून टायमर बसवून घेतला. त्या डीपीवर फ्यूज उडायचं प्रमाण एकदम खाली आलं. यात भांडणंही झाली. पहिला नंबर कुणाचा यावरून दोन भाऊबंद अजून बोलत नाहीत म्हणे. पण काम झालं. कसं झालं? डबा उघडता येत होता, आत काय आहे ते गावातल्या चार जणांना माहीत होतं, आणि बिघडला तर जेऊरला आणून दाखवता येत होता.

आता सौरपंपाकडे येते. यात पॅनेल आणि मोटर यांच्यामध्ये एक पेटी असते, तिला कंट्रोलर म्हणतात. पॅनेलमधून डीसी येतो. कंट्रोलर त्याचा मोटरीला चालेल असा करंट करून देतो आणि ऊन किती आहे ते बघून मोटरीचा वेग कमी-जास्त करतो. सकाळी मोटर हळू फिरते, दुपारी जोरात, ढग आला की पुन्हा मंद. सुरू होताना दणका नाही. बोअरचं पाणी संपलं तर तो स्वतः बंद पडतो, कोरडी मोटर जळू देत नाही. वायंडिंगवालीच्या नजरेने बघितलं तर ही मोटर सुखात आहे. आमच्याकडे जळून येणाऱ्या निम्म्या मोटरी एक फेज गेल्यामुळे किंवा कमी व्होल्टेजमुळे जळालेल्या असतात. ते दोन्ही रोग इथे नाहीत. ज्याने कुणी हे बनवलं त्याला मानलं.

पण कंट्रोलर बंद पडतो. पत्र्याच्या पेटीत, रानात, उन्हात ४२-४३ अंशांत बसवलेलं इलेक्ट्रॉनिक कार्ड आहे ते. मुंग्यांना उबदार जागा लागते. पालीलाही लागते. जोडांवर एक पाल आडवी पडली की कार्ड गेलं. पावसाळ्यात केबलच्या भोकातून पाणी शिरतं. वीज पडते.

कंदरच्या बाजूच्या एका केळीवाल्याचं सांगते. केळीला घड पडलेले, मे महिना, आणि कंट्रोलरवर लाल दिवा. त्याने स्टिकरवरच्या नंबरला फोन लावला. तक्रार नोंदली, नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी मेसेज आला, तिसऱ्या दिवशी दुसरा मेसेज. माणूस येईना. कंपनीचा पोरगा एकच, त्याच्याकडे तीन-चार तालुके. मोटरसायकलवर फिरतो बिचारा. एकदा आमच्या दुकानात पाणी प्यायला थांबला होता तेव्हा त्याच्या मोबाईलवरची तक्रारींची यादी मी पाहिली, अंगठ्याने सरकवत होता तरी संपेना. त्याचा दोष नाही. केळीवाल्याने शेवटी शेजाऱ्याच्या विहिरीवर डिझेल इंजिन लावलं आणि पदरचं तेल जाळून बाग जगवली, तरी घड बारीक राहिले. निर्यातीचा माल होता, तो गावच्या बाजारात गेला. एवढं झाल्यावर पोरगा आला, पेटी उघडली, आत सुकलेली पाल. त्याने नवीन कार्ड घातलं आणि तासाभरात निघून गेला.

यात गंमत अशी की पंप बंद आहे हे कंपनीला त्या दिवशीच कळलेलं असणार. या कंट्रोलरमध्ये सिमकार्ड असतं. पंप किती वेळ चालला, किती वीज झाली, ही माहिती परस्पर जाते. सरकारी निकषांत हे रिमोट मॉनिटरिंग सक्तीचं आहे. म्हणजे रानातली मोटर बोलते, पण शेतकऱ्याशी बोलत नाही. कंट्रोलरवर दोष सांगणारा जो आकडा येतो त्याचा अर्थ शेतकऱ्याला दिलेल्या कागदात नसतो. आम्ही विचारला तर कंपनीवाले म्हणतात, सेटिंगला पासवर्ड आहे, तो देता येत नाही. पेटीला आमचा हात लागला तर गॅरंटी गेली.

केळीवाला आधी आमच्याकडेच आला होता. ‘वहिनी, नुसती उघडून तर बघा.’ आम्ही उघडली नाही. सील तुटलं असतं तर पाच वर्षांची मोफत दुरुस्ती त्याच्या हातून गेली असती. दोन मिनिटांचं काम आहे असं मनात येत असताना नाही म्हणावं लागलं. ती चीड या पत्रात थोडी उतरली असेल तर समजून घ्यावं.

कंपन्यांची एक बाजू आहे, ती खरी आहे. पॅनेल एकाला एक जोडून ठेवलेले असतात आणि भर उन्हात पाचशे-सहाशे व्होल्टपर्यंत डीसी तिथे उभा असतो. एसीचा झटका आमच्या लोकांना माहीत आहे. डीसीचं तसं नाही. चालू असताना जोड ओढला तर ठिणगी पडून विझत नाही, तशीच जळत राहते. आणि सूर्याला स्विच नाही. डीपीवरून लाईट बंद करून ये म्हणावं, तर इथे डीपी आभाळात आहे. तेव्हा कुणीही उठून पक्कड घेऊन पेटीत हात घालावा असं मी म्हणत नाही. पण धोका आहे म्हणून शिकवायचंच नाही, हे कसलं धोरण? आमच्या सासऱ्यांना ४४० व्होल्ट कुणी कॉलेजात शिकवले नव्हते. वायरमनच्या हाताखाली शिकले, आणि त्या पिढीतल्या कितीतरी जणांनी गावोगावच्या मोटरी पाण्याला लावल्या.

मोटरीचीही तीच तऱ्हा. काही सौर मोटरी चुंबकाच्या रोटरच्या असतात. त्या साध्या लाईनवर लावून तपासताच येत नाहीत, त्यांना त्यांचा कंट्रोलरच लागतो. काही नेहमीच्याच जातीच्या असतात, पण व्होल्टेज वेगळं. तीन एचपीच्या सौरपंपाला तीन हजार वॅटची पॅनेल असतात. ती जोडल्यावर जेवढे व्होल्ट मिळतात त्यांतून मोटरीला नेहमीच्या लाईनचे ४१५ व्होल्ट मिळूच शकत नाहीत, त्याच्या बरेच खाली मिळतात. म्हणून त्या मोटरीत वेढे कमी आणि तार जाड असते. हे न कळता एखाद्याने नेहमीच्या हिशोबाने वेढे भरले तर मोटर फिरते, पण पाणी वर चढत नाही. शेजारच्या तालुक्यातून अशी भरलेली एक मोटर आमच्याकडे आली होती. भरणारा कारागीर जुना, काम सुबक, एक वेढा इकडचा तिकडे नाही. त्याच्याकडे माहितीच नव्हती. मोटरीच्या पट्टीवर एचपी, कंपनीचं नाव आणि नंबर असतो. वेढे किती, तार कुठल्या गेजची (जाडीची), हे दोन आकडे कुणी छापत नाही.

आता पाच वर्षांचं बघू. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ योजनेत शेतकरी दहा टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर पाच टक्के, बाकी सरकार. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच, त्यापुढे साडेसात. दुरुस्ती पाच वर्षं पुरवठादाराने करायची. योजना २०२४ ची, म्हणजे पहिल्या पंपांची मुदत २०२९ पासून संपायला लागेल. त्याआधी केंद्राच्या ‘कुसुम’ योजनेतून बसलेल्या पंपांची तर आधीच संपत आली. पॅनेल वीस-पंचवीस वर्षं टिकतात असं सांगतात, आणि टिकत असतीलही. पण सहाव्या वर्षी कार्ड गेलं तर ते कुठं मिळणार, किती रुपयांना, कोण बसवणार? तोवर ती कंपनी या धंद्यात तरी असेल का? एका एका टेंडरमध्ये किती कंपन्या असतात ते आपणच छापता. प्रत्येकीचा कंट्रोलर वेगळा, जोड वेगळे, पासवर्ड वेगळा. गावात पाच सौरपंप असतील तर पाच जातींचे.

हे नुसतं आमच्याकडचं दुखणं नाही. अमेरिकेत शेतकरी ट्रॅक्टरसाठी हेच भांडत आले. लाखो डॉलरचा ट्रॅक्टर भर सुगीत उभा, आणि दोष मिटवायचं सॉफ्टवेअर फक्त कंपनीच्या डीलरकडे. शेवटी कोलोरॅडो राज्याने २०२३ मध्ये कायदा केला, की शेतीयंत्रांचे सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि तपासणीची साधनं कंपनीने शेतकऱ्याला आणि बाहेरच्या मेकॅनिकलाही दिली पाहिजेत. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्यात शेतीची अवजारं हा एक विभाग धरला होता, आणि वर्षअखेर एक पोर्टलही काढलं. पोर्टलवर कंपन्या आपणहून माहिती टाकतात. आपणहून टाकणं आणि टाकावी लागणं यात फरक आहे. त्यातून सौरपंपात ग्राहक म्हणजे मुख्यतः सरकारच. पैसे तेच देतं, टेंडर तेच काढतं. नवा कायदा येईपर्यंत थांबायचं कारण काय? टेंडरमध्ये चार ओळी वाढवल्या तरी काम होईल.

त्या ओळी कोणत्या, तेही सांगते. मोटरीच्या पट्टीवर वायंडिंगचे आकडे छापा. कंट्रोलरचा दोष सांगणाऱ्या आकड्यांचा अर्थ मराठीत पेटीच्या दाराला आतून चिकटवा. कार्डं आणि जोड तालुक्याच्या ठिकाणी विकत मिळाली पाहिजेत, पाच वर्षांच्या आत आणि नंतरही. मुदत संपली की पासवर्ड शेतकऱ्याच्या हवाली करा. यातली पहिली गोष्ट तर फुकटात होते.

आणि शिकवा. ‘सूर्यमित्र’ नावाचं प्रशिक्षण केंद्राने २०१५ मध्ये सुरू केलं. तीन महिन्यांचं, निवासी. चांगलं असेल. पण दुकान, घर, दोन म्हशी सोडून मी तीन महिने कुठं जाऊन राहू? शिवाय तिथे आयटीआयचा कागद मागतात. माझ्याकडे आहे तो हाताला पडलेला घट्टा. करमाळ्यात, टेंभुर्णीत, कुर्डुवाडीत मिळून माझ्यासारखे वायंडिंगवाले कितीतरी आहेत. त्यांना वायंडिंग शिकवायची गरज नाही, फक्त डीसीची भीती कशी बाळगायची आणि कार्ड कसं तपासायचं एवढं शिकवायचं आहे. तालुक्याच्या आयटीआयमध्ये शनिवार-रविवार वर्ग लावले तरी पुरे. हे अशक्य नाही असं मी ड्रोनच्या उदाहरणावरून म्हणते. ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत बचतगटातल्या एका बाईला ड्रोन उडवायला शिकवतात आणि दुरुस्तीची आवड असलेल्या दुसऱ्या कुणाला, घरातल्याला किंवा गटातल्याला, तंत्रज्ञ म्हणून तयार करायचं असंही त्या योजनेतच लिहिलेलं आहे. म्हणजे सरकारला ही गोष्ट सुचत नाही असं नाही. पंधरा हजार ड्रोनसाठी सुचली, ती लाखो पंपांसाठी सुचावी.

जाता जाता उजनीच्या काठच्यांबद्दल, कारण त्यांचा विचार कुठल्याच लेखात नसतो. धरणाची एकूण साठवण ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. दर उन्हाळ्यात धरण ‘उणे’ होतं, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरतं, आणि पाणी मागे सरकतं. मग काठचा शेतकरी मोटर, पाईप, केबल सगळं घेऊन गाळातून पाण्यामागे जातो. चारी खोदतो, पुन्हा जोडतो. रात्रीतून केबल चोरीला गेली तर सकाळी आमच्या दारात. त्याची पाईपलाईन कित्येक किलोमीटरची आणि मोटर मोठी. सौरपंपाचे लोखंडी खांब उचलून तो पाण्यामागे कसा जाणार? त्याला उपयोग आहे तो दिवसा मिळणाऱ्या साध्या लाईटचा. म्हणून मला स्वतःला ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी’चा मार्ग जास्त पटतो. त्यात सबस्टेशनजवळ सौरप्रकल्प उभा राहतो आणि तिथून फीडरवर, म्हणजे शेतीच्या विजेच्या वाहिनीवर, दिवसा लाईट सोडतात. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला २०२४ मध्ये असा तीन मेगावॅटचा प्रकल्प सुरू झाला. शेतकऱ्याची मोटर आहे तीच राहते, ती भरणारा माणूस तोच राहतो, आणि पावसाळ्यात मोटरी बंद असल्या तरी ती वीज दुसरीकडे वापरता येते. एकट्या सौरपंपाची पॅनेल चार-पाच महिने नुसती उन्हात उभी असतात.

आमच्याकडे मात्र नवीन विजेचं कनेक्शन मागायला गेलं की कार्यालयात सांगतात, सौर घ्या. निवड शेतकऱ्याची राहिलेली नाही. ज्याचं बोअर खोल आहे, ज्याला सकाळी लवकर पाणी सोडायचं आहे, ज्याच्या शेताशेजारी कारखान्याची चिमणी आहे आणि गाळप हंगामात पॅनेलवर रोज काजळी बसते, त्या सगळ्यांना तेच औषध. काजळी पुसायला माणूस लागतो, बरं का. ती आपोआप जात नाही. पुसली नाही तर दुपारीही मोटर सकाळसारखी फिरते आणि मग तक्रार येते, पंप पाणी देत नाही.

भंगाराचंही आत्ताच बघायला हवं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम सौर पॅनेलना लागू आहेत आणि निकामी पॅनेल २०३४-३५ पर्यंत उत्पादकांनी साठवून ठेवायची असं त्यात म्हटलं आहे. आमच्या इथे गारपिटीत फुटलेलं पॅनेल गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलेलं मी पाहिलं आहे. ते कुणी कुठं न्यायचं, हे त्या शेतकऱ्याला कुणी सांगितलेलं नाही.

आमच्या दुकानात सासऱ्यांच्या वह्या आहेत. जी मोटर भरली तिचे स्लॉट, वेढे, गेज, कंपनी, सगळं पेन्सिलीने लिहिलेलं. बाजारात नवी मोटर आली की पहिली जळालेली हातात येईपर्यंत थांबायचं, तिची एक गुंडाळी न तोडता काढायची, वेढे मोजायचे आणि वहीत टिपायचे, असा आमच्या धंद्याचा रिवाज. मुदत संपलेल्या ज्या थोड्या सौर मोटरी दुकानात आल्या त्यांची वेगळी वही मी घातली आहे. ज्या कारागिराला हवी त्याने जेऊरला येऊन उतरवून घ्यावी, पैसे नकोत. आणि पंपवाल्या कंपन्यांपैकी कुणी हे वाचलं, तर त्यांनी आपले आकडे पाठवून द्यावेत. त्यांच्याकडे ते छापील आहेत, मला इथे जळक्या तारेवरून मोजावे लागतात.

आपली,
एक वायंडिंगवाली
जेऊर, ता. करमाळा, जि. सोलापूर
(नाव छापू नये. केळीवाल्याला ओळखणारे पुष्कळ आहेत, आणि त्याची गॅरंटी अजून चालू आहे.)